दंडावरची लस, खांद्याची इजा आणि अमेरिकेतला भरपाईचा दावा

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की औषधांच्या दुकानांत फ्लूच्या लशीच्या पाट्या लागतात. साबण-टूथपेस्ट घ्यायला गेलेला माणूस जाता जाता बाही वर सारतो, पाच मिनिटांत लस टोचून होते आणि तो पुढच्या कामाला लागतो. दंड एक-दोन दिवस ठणकणार हे सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे त्याची फारशी दखल कोणी घेत नाही. अगदी थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र ते ठणकणे थांबत नाही. आठवडा जातो, महिना जातो, आणि केस विंचरण्यासाठी हात डोक्यावर नेणे, कोटाच्या बाहीत हात घालणे, फडताळातला वरचा डबा काढणे किंवा त्या कुशीवर झोपणे अशक्य होऊन बसते. लस टोचल्यामुळे खांद्याला होणाऱ्या या इजेला तिथले डॉक्टर आणि वकील आद्याक्षरांवरून 'सर्व्हा' म्हणतात. अमेरिकेत या इजेसाठी सरकारी भरपाई मिळते. ती मिळवण्याची वाट, आणि विशेषतः तडजोडीने दावा मिटवण्याची रीत, हा या लेखाचा विषय आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, आणि मुलांकडे सहा महिने राहायला जाऊन तिथेच लस घेणाऱ्या आईवडिलांना, या व्यवस्थेची माहिती क्वचितच असते.

आधी इजा म्हणजे काय ते पाहू. लस दंडाच्या वरच्या भागातल्या डेल्टॉइड नावाच्या जाड स्नायूत टोचायची असते. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागते, त्याच्या खाली साधारण दोन-तीन बोटे सोडून ही जागा येते. त्या हाडाच्या लगत, स्नायूच्या खाली, द्रवाने भरलेली एक पातळ पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात आणि सांधा हलताना स्नायुबंध हाडावर घासू नयेत हे तिचे काम. सुई फार वर टोचली गेली, किंवा सडपातळ दंडात गरजेपेक्षा लांब सुई वापरली गेली, तर लशीतला द्रव स्नायूऐवजी या पिशवीत किंवा सांध्याजवळ उतरू शकतो. शरीरात प्रतिकार जागा करणे हेच लशीचे काम असल्यामुळे तिथे दाह पेटतो, आणि तो कित्येक महिने विझत नाही. पुढे बर्सायटिस, स्नायुबंधांची सूज किंवा खांदा पुरता आखडून जाणे, ज्याला आपण 'फ्रोझन शोल्डर' म्हणतो, असे निदान होते. टोचणारा उभा आणि टोचून घेणारा बसलेला असेल, किंवा बाही पूर्ण वर न करता गळ्याकडून शर्ट खाली ओढून खांदा उघडा केला असेल, तर सुई वर जाण्याचा संभव वाढतो. २०१० साली अशा तेरा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि 'सर्व्हा' हे नाव तिथून रूढ झाले.

आता कायदा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या लशीवरून कंपन्यांवर इतके खटले झाले, की काही उत्पादकांनी लस बनवणेच सोडून दिले आणि तुटवड्याची भीती उभी राहिली. त्यावर उपाय म्हणून संसदेने १९८६ साली कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून राष्ट्रीय लसइजा भरपाई योजना सुरू झाली. तिची रचना सरळ आहे. लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते तितक्या रोगांमागे ७५ सेंट याप्रमाणे कर घेतला जातो. म्हणजे फ्लूच्या लशीवर ७५ सेंट, तर गोवर, गालगुंड व रुबेला या तिघांच्या एकत्रित लशीवर सव्वादोन डॉलर. हा पैसा एका स्वतंत्र निधीत जातो आणि भरपाई त्यातून दिली जाते. लस टोचणारी परिचारिका, दुकान किंवा कंपनी यांच्या खिशातून एक सेंटही जात नाही. दाव्यात प्रतिवादी म्हणून नाव असते ते केंद्र सरकारच्या आरोग्य व मानव सेवा खात्याच्या सचिवांचे, आणि त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. उलट, एक हजार डॉलरपेक्षा जास्त रकमेसाठी कंपनीवर किंवा टोचणाऱ्यावर थेट खटला भरायचा असेल, तर आधी या योजनेतून जावेच लागते.

या व्यवस्थेचा स्वभाव एकदा ध्यानात आला की पुढचे सगळे समजायला सोपे जाते. चूक कोणाची, हा प्रश्न इथे विचारला जात नाही. परिचारिकेने सुई वर टोचली हे सिद्ध करण्याची गरज नसते. पण चुकीच्या बाबतीत इतका उदार असलेला हा कायदा तारखांच्या आणि कागदांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर आहे. दुखणे कधी सुरू झाले, कुठल्या खांद्यात, किती काळ टिकले आणि हे सगळे त्या वेळी कोणी लिहून ठेवले होते का, यावर दाव्याचे भवितव्य ठरते आणि तडजोडीची रक्कमही.

योजनेत इजांचा एक अधिकृत तक्ता आहे. अमुक लशीनंतर अमुक मुदतीत अमुक इजा झाली असेल, तर ती लशीमुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते. मार्च २०१७ मध्ये खांद्याची ही इजा या तक्त्यात आली. त्यानंतर योजनेतल्या दाव्यांचे चित्रच पालटले. अलीकडच्या वर्षांत दाखल होणाऱ्या दाव्यांपैकी निम्म्याच्या आसपास दावे एकट्या खांद्याचे असतात. २०२० साली सरकारने ही इजा तक्त्यातून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. ही इजा लशीची नसून टोचण्याच्या पद्धतीची आहे, मग लशीच्या निधीवर तिचा भार कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद होता. जानेवारी २०२१ मध्ये तसा नियमही निघाला, पण सरकार बदलल्यावर तो लागू होण्याआधीच एप्रिल २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. युक्तिवादात तथ्य नव्हते असे मला वाटत नाही. परंतु तो मान्य झाला असता तर दुखऱ्या खांद्याच्या माणसाला पुन्हा परिचारिकेची चूक शोधत राज्याच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली असती, आणि योजना ज्या कटकटीतून सुटका करण्यासाठी होती तीच दुसऱ्या दाराने आत आली असती.

तक्त्याचा लाभ मिळण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. लस घेण्याआधी त्या खांद्यात अशा दुखण्याचा, सुजेचा किंवा हालचालीच्या अडचणीचा इतिहास नसावा, निदान आताच्या तक्रारींचा खुलासा त्यातून होईल असा नसावा. दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेले असावे. दुखणे आणि हालचालीवरची मर्यादा ज्या खांद्यात लस दिली त्याच खांद्यापुरती असावी. शेवटची गोष्ट म्हणजे, मानेतली नस दबणे किंवा मज्जातंतूचा एखादा विकार असे दुसरे कारण दिसत नसावे. शिवाय लस दंडाच्या स्नायूत टोचण्याचीच हवी. कातडीखाली दिल्या जाणाऱ्या लशीला हे कलम लागू होत नाही. ४८ तासांची अट जुळली नाही तरी दरवाजा पूर्ण बंद होत नाही, पण मग गृहीत धरण्याची सवलत जाते आणि कार्यकारणाचा संबंध तज्ज्ञ डॉक्टरांच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो. ते काम लांबचे आणि महागडे.

या चौघांखेरीज दोन अटी अशा आहेत, की त्यांच्यावर अनेक प्रामाणिक दावे आपटतात. पहिली, इजेचे परिणाम सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेले असावेत, किंवा इजेमुळे रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. दुसरी, दावा पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा. मुदत पहिल्या लक्षणापासून मोजतात. निदान कधी झाले किंवा ही योजना अस्तित्वात आहे हे आपल्याला कधी कळले, याला इथे किंमत नाही. 'मला माहीतच नव्हते' ही सबब न्यायालये मान्य करत नाहीत, आणि एखाद्या दिवसाच्या उशिरानेही दावा फेटाळला जाऊ शकतो.

कुठल्या लशी योजनेत आहेत, हेही आधी पाहून घ्यावे. फ्लू, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, कावीळ अ आणि ब, एचपीव्ही, मेंदूज्वराची मेनिंगोकोकल लस या आहेत. पन्नाशीनंतर नागिणीसाठी जी लस सर्रास दिली जाते ती मात्र नाही. तिच्याने खांदा कितीही जायबंदी झाला तरी ही योजना लागू होत नाही. कोविडच्या लशीचीही तीच गत. तिच्यासाठी साथीच्या काळातल्या उपाययोजनांची एक वेगळी भरपाई योजना आहे. तिथे लस घेतल्यापासून अवघ्या एका वर्षात अर्ज करावा लागतो, वेदनेपोटी काहीच मिळत नाही, वकिलाची फी मिळत नाही आणि प्रकरण न्यायालयापुढे जात नाही. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर एकाच दिवशी फ्लू आणि कोविड अशा दोन्ही लशी घेणाऱ्याने कुठली लस कुठल्या दंडात घेतली, हे ध्यानात ठेवलेले बरे. फ्लूची डाव्या दंडात आणि दुखतोय उजवा, असे झाले तर या योजनेचा मार्ग खुंटतो.

दावा दाखल होतो वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय दावे न्यायालयात. तिथे लशींच्या प्रकरणांसाठी 'स्पेशल मास्टर' नावाचे न्यायाधिकारी असतात. कायद्याने त्यांची संख्या जास्तीत जास्त आठ ठेवली आहे आणि दावे हजारोंनी येतात, तेव्हा विलंबाचे कारण वेगळे सांगायला नको. २०१४ पासून तडजोडीने सुटण्याजोग्या प्रकरणांसाठी मुख्य स्पेशल मास्टरांच्या देखरेखीखाली एक खास कक्ष चालतो आणि खांद्याचे बहुतेक दावे तिथेच जातात. ज्यूरी नसते, साक्षीदारांची उलटतपासणी क्वचितच होते आणि बहुतांश काम कागदोपत्रीच चालते. अर्जासोबत लसीकरणाची नोंद, लशीच्या आधीच्या काही वर्षांचे आणि नंतरचे सर्व वैद्यकीय कागद आणि दावेदाराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. कागद पुरे झाल्याचे कळवल्यावर आरोग्य खात्याचे डॉक्टर ते तपासतात आणि सरकार आपली भूमिका एका अहवालात मांडते. एवढ्यालाच अनेक महिने जातात. अर्जापासून पैसे हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे लागणे नवलाचे नाही.

खरी कसोटी लागते ती पुराव्याच्या टप्प्यावर, म्हणून इथे थोडे थांबू. समजा, न्यू जर्सीत राहणाऱ्या एका बाईंनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फ्लूची लस घेतली. त्याच रात्री खांदा दुखू लागला. लशीनंतर दुखतेच, असे म्हणून त्यांनी वेदनाशामक गोळ्या घेतल्या, शेक दिला आणि आपल्याकडच्या सवयीप्रमाणे अंगावर काढले. नोव्हेंबरमध्ये त्या रक्तदाबाच्या नेहमीच्या तपासणीला गेल्या, तेव्हा खांद्याचा विषय निघाला नाही. जानेवारीत हात वरच जाईना, तेव्हा त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी लिहिले, 'दोन-तीन महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो.' पुढे फिजिओथेरपी, एमआरआय, स्टिरॉइडचे इंजेक्शन असे सगळे झाले. बाईंचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. तरीही सरकारी वकील तीन गोष्टींवर बोट ठेवणार. दुखणे ४८ तासांत सुरू झाले असे कुठे लिहिले आहे? नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांपुढे बसूनही तुम्ही काही का बोलला नाहीत? आणि डॉक्टरांच्या नोंदीत लशीचा उल्लेखच का नाही?

या प्रश्नांना उत्तरे असतात. केवळ दावेदाराच्या तोंडी सांगण्यावर निकाल देता येत नाही, त्याला वैद्यकीय कागदांचा किंवा वैद्यकीय मताचा आधार हवा, असे कायदा म्हणतो. पण लक्षण त्या वेळी नोंदले गेले नसेल किंवा चुकीच्या तारखेने नोंदले गेले असेल, तरीही ते मुदतीतच सुरू झाले असे स्पेशल मास्टर ठरवू शकतात, अशीही तरतूद त्याच कायद्यात आहे. रक्तदाब तपासायला गेलेली व्यक्ती खांद्याबद्दल बोलली नाही यात विशेष काही नाही, हे अनेक निकालांनी मान्य केले आहे. लशीनंतरचे दुखणे आपोआप जाईल या समजुतीने एक-दोन महिने थांबणारे दावेदार इतके आढळतात, की तेवढ्या दिरंगाईने दावा पडत नाही. मात्र ती भोके कशाने तरी बुजवावी लागतात. नवऱ्याचे किंवा शेजारणीचे प्रतिज्ञापत्र, मुलीला त्याच आठवड्यात पाठवलेला 'लस घेतल्यापासून हात उचलवत नाहीये' असा व्हॉट्सॲप संदेश, कामावरून घेतलेली रजा, औषधांच्या दुकानाची पावती, या साध्या वस्तूंना इथे भलतेच वजन येते. त्याहून वजनदार म्हणजे पहिल्या भेटीत डॉक्टरांना सांगितलेले एक वाक्य: अमुक तारखेला या दंडात लस घेतली आणि त्याच दिवसापासून दुखते आहे. उपचार करणाऱ्यापुढे, पैशांचा विचारही मनात नसताना केलेले ते विधान नंतरच्या दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडते.

दंड कोणता, यावरूनही वाद होतात. दुकानातल्या संगणकावर 'डावा दंड' हा पर्याय आधीच भरलेला असतो आणि टोचणारा तो बदलत नाही, असे प्रकार घडतात. न्यायाधिकाऱ्यांना हे माहीत आहे. नोंदीत डावा आणि पहिल्या भेटीपासून प्रत्येक डॉक्टरच्या टिपणात उजवा असेल, तर बहुधा डॉक्टरांच्या टिपणांवर विश्वास ठेवला जातो. तरी लस घेतल्यावर मिळालेला कागद तिथल्या तिथे वाचून चूक दुरुस्त करून घेतली, तर पुढचा सहा महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो.

सहा महिन्यांच्या अटीतला फास असा, की चार महिन्यांनी फिजिओथेरपी थांबली आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जाणेच झाले नाही, तर दुखणे सहा महिन्यांपुढे टिकले याला पुरावा राहत नाही. विम्याने मान्य केलेल्या खेपा संपल्या म्हणून उपचार थांबवणारे आणि घरीच व्यायाम करत राहणारे बरेच असतात. दुखणे असेल तर त्यांनी वर्षातून एकदा तरी ते डॉक्टरांच्या कागदावर आणावे.

कागद पुरेसे झाले, की प्रकरण तीनपैकी एका वाटेने जाते. पहिली वाट कबुलीची. सरकारी डॉक्टरांना सगळ्या अटी जुळलेल्या दिसल्या तर सरकार हक्क मान्य करते, स्पेशल मास्टर तसा निर्णय देतात आणि उरतो तो फक्त रकमेचा प्रश्न. दोन्ही बाजूंचे एकमत झाले की सरकार ती रक्कम न्यायालयापुढे प्रस्ताव म्हणून ठेवते आणि न्यायालय ती मंजूर करते. दुसरी वाट तडजोडीची. इथे सरकार हक्क मान्य करत नाही, पण निकाल कुठेही झुकू शकतो हे दोघांनाही दिसत असते. दावेदाराचा वकील कागदांच्या आधारे मागणीपत्र पाठवतो, सरकारी वकील प्रतिप्रस्ताव देतो, आणि अशा दोन-चार फेऱ्यांनंतर आकडा ठरतो. त्यावर आरोग्य खाते आणि न्याय खाते या दोघांची वरिष्ठ मंजुरी लागते, म्हणून 'ठरले' म्हटल्यानंतरही काही आठवडे ते काही महिने वाट पाहावी लागते. तिसरी वाट निकालाची. दोन्ही बाजू लेखी म्हणणे मांडतात आणि स्पेशल मास्टर हक्क किंवा रक्कम, जे अडले असेल ते, ठरवतात. योजनेत आजवर भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी सुमारे ६० टक्के दावे दुसऱ्या वाटेने, म्हणजे तडजोडीने सुटलेले आहेत.

तडजोडीचा करार पहिल्यांदा वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. आधी दावेदार म्हणतो, मला लशीमुळे इजा झाली. लगेच सरकार म्हणते, इजा लशीमुळे झाली हे आम्हांला मान्य नाही. आणि त्यानंतर दोघेही आपापले म्हणणे कायम ठेवून अमुक रकमेवर प्रकरण मिटवण्यास राजी होतात. इथे सरकारने चूक कबूल केली असा अर्थ काढता येत नाही. लशींच्या विरोधात प्रचार करणारे लोक अशा तडजोडींची बेरीज करून 'सरकारनेच कबूल केले' असे सांगत फिरतात, तेव्हा हा मजकूर त्यांनी एकतर वाचलेला नसतो किंवा वाचून सोडून दिलेला असतो. योजनेत समाविष्ट असलेल्या लशींच्या वाटप झालेल्या दर दहा लाख मात्रांमागे साधारण एका व्यक्तीला भरपाई मिळाली आहे, हे प्रमाणही त्याच सरकारी आकडेवारीत दिलेले असते.

मग रक्कम ठरते कशी? कायद्याने चार-पाच शीर्षके दिली आहेत. विम्याने न दिलेला आजवरचा वैद्यकीय खर्च, पुढे लागणारा तसा खर्च, बुडालेली कमाई, आणि वेदना व मनस्ताप. खांद्याच्या दाव्यात पहिल्या तिन्हींचा आकडा बहुधा लहान असतो, कारण बराच खर्च विमा कंपनीने उचललेला असतो आणि तो या निधीतून पुन्हा मागता येत नाही. मोठा भाग असतो वेदनेपोटीचा. त्यावर अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे आणि १९८६ पासून ती महागाईप्रमाणे एकदाही वाढलेली नाही. हे अन्यायाचे आहे, असे माझे मत आहे. वेदना मोजण्याची फूटपट्टी नाही, म्हणून स्पेशल मास्टर तीन गोष्टी पाहतात: व्यक्तीला वेदनेची जाणीव किती होती, वेदना किती तीव्र होती आणि ती किती काळ टिकली. मग आधीच्या निकालांशी तुलना करतात. शस्त्रक्रिया झाली का, स्टिरॉइडची इंजेक्शने किती, फिजिओथेरपीच्या खेपा किती, पहिला उपचार किती उशिरा घेतला, दहापैकी वेदनेचे गुण रुग्णाने किती सांगितले, हात किती अंशांपर्यंत वर जात होता आणि शेवटच्या तपासणीत किती गेला, हे सगळे त्यात येते. अलीकडच्या वर्षांत शस्त्रक्रिया न झालेल्या दाव्यांत वेदनेपोटीची रक्कम साधारणतः चाळीस हजार ते एक लाख डॉलरच्या दरम्यान राहिली आहे आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत ती बहुधा लाखाच्या पुढे जाते.

तडजोडीत मिळणारा आकडा निकालातल्या आकड्यापेक्षा कमी असतो, कारण त्यात हरण्याच्या धोक्याची वजावट असते. एक कल्पित उदाहरण घेऊ. दावा पूर्ण जिंकला तर ८० हजार डॉलर मिळतील असे आधीच्या निकालांवरून वाटते. पण ४८ तासांच्या मुद्द्यावर कागद कच्चे आहेत आणि वकिलाच्या अंदाजाने जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. ८० हजारांचे ६० टक्के म्हणजे ४८ हजार. सरकारचा प्रस्ताव ४५ ते ५० हजारांच्या आसपास आला, तर तो अपमानास्पद नाही, हिशेबाला धरून आहे. तो नाकारून निकालाकडे जाणारा माणूस आणखी वर्षभराचा काळ आणि शून्यावर येण्याची जोखीम पत्करत असतो. पहिल्या भेटीतले ते एक वाक्य कागदावर असते, तर हीच शक्यता ९० टक्क्यांवर गेली असती आणि त्याच खांद्याची किंमत वीस-पंचवीस हजारांनी वाढली असती.

वकिलाच्या फीबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते. अमेरिकेत अपघाताच्या दाव्यात वकील मिळालेल्या रकमेतला तिसरा हिस्सा घेतो, हे सर्वांनी ऐकलेले असते. इथे तसे करण्यास कायद्याने मनाई आहे. फी न्यायालय ठरवते आणि ती निधीतून वेगळी दिली जाते, दावेदाराच्या रकमेतून कापली जात नाही. दावा हरला तरी, तो सद्भावनेने आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर फी मिळू शकते. त्यामुळे वकील केला म्हणून हातात कमी पडत नाही, आणि तारखांचा हा कारभार एकट्याने रेटण्यात शहाणपण नाही. फक्त या न्यायालयात काम करण्याची परवानगी असलेला वकील शोधावा. तो आपल्याच राज्यातला असावा अशी अट नाही.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. या लशीमुळे झालेल्या या इजेबद्दलचे सगळे हक्क करारानंतर संपतात. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली, तरी पुन्हा मागता येत नाही. म्हणून उपचार चालू असताना, खांदा किती सुधारणार हे डॉक्टरांना सांगता येत नसताना घाईने आकडा ठरवू नये. मेडिकेड या सरकारी विम्याने उपचारांचा खर्च केला असेल, तर त्या परतफेडीची व्यवस्था करारातच झालेली असावी. आणि निकाल सार्वजनिक होतो. त्यात दावेदाराचे नाव आणि वैद्यकीय तपशील असतात, आणि खासगी मजकूर वगळण्याची विनंती करायला १४ दिवस मिळतात. ही शेवटची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येते ती कोणी तरी गूगलवर नाव शोधल्यावर.

राहिला प्रश्न पुण्या-नागपुराहून मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचा. लस अमेरिकेच्या भूमीवर घेतलेली असेल, तर दावेदार नागरिक असण्याची अट नाही. मग तो नोकरीच्या व्हिसावरचा अभियंता असो की पर्यटक व्हिसावर आलेली आजी. उलट पुण्यात तयार झालेली लस पुण्यातच घेतलेल्याला ही योजना लागू नाही. आजी डिसेंबरात परतल्या आणि पुढचे उपचार इथे झाले, तर इथले कागदही ग्राह्य धरले जातात, मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासह. अडचण वेगळीच असते. अमेरिकेत कागद रुग्णालयाकडे राहतात आणि वर्षांनंतरही मागवता येतात. आपल्याकडे ते रुग्णाच्या हाती दिले जातात आणि घर बदलताना रद्दीत जातात. शिवाय कोपऱ्यावरचे फिजिओथेरपिस्ट महिनाभर रोज येऊन व्यायाम करवून घेतात, पैसे रोख घेतात आणि एक ओळही लिहीत नाहीत. त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे, की प्रत्येक खेपेची तारीख, वेदना किती आणि हात किती अंश वर गेला, एवढे वहीत लिहा आणि महिन्याअखेरीस लेटरहेडवर सही-शिक्क्यासह द्या. ते हसतील, पण लिहून देतील.